मैना कोणी वापरत नाही

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून माझ्याकडे उकिरडा उपसायचं काम आलंय. उत्कर्षा पुण्याहून कॉलवर गोड आवाजात म्हणाली, "अभिमन्यू, तुझ्याइतका पेशन्स टीममध्ये कुणाकडे नाही." म्हणजे बाकी सगळ्यांनी हात झटकले, हे न कळण्याइतका मी बावळट नाही. ती माझी साहेब, म्हणून 'थँक यू' म्हणालो.

काम असं. आमचा 'झेप' ब्राउझर नऊ वर्षांचा झाला. लोक तो वापरताना काय दाबतात, किती वेळ बघतात, कुठून माघारी फिरतात हे गुपचूप मोजून कंपनीला कळवणारा कोड त्याच्या पोटात आहे. नऊ वर्षांत जो आला त्याने त्यात आपली एक मोजणी घातली आणि नोकरी सोडून गेला. आता मी ते सगळं साफ करायचं. मिटिंगमध्ये शिव्या देता येत नाहीत, म्हणून ही वही.

खाली आईच्या भाकऱ्या चालू आहेत. सकाळी सातला आठ बायका परातीला बसतात, एक वाजेपर्यंत थाप थाप थाप. कडक भाकरीचा धंदा आईच्या जिवावर उभा आहे हे मान्य, पण त्याच्या डोक्यावर बसून कोड लिहून बघा म्हणजे कळेल.

१९ नोव्हेंबर

चारशे बारा मोजण्या निघाल्या. शी! माणसानं शोधायला काही लिहिलं आणि पाठवण्याआधी खोडलं, तर ते किती वेळा खोडलं याची मोजणी. बॅटरी संपत आल्यावर माणूस कुठलं पान उघडतो याची मोजणी. एकाच बोटाचा एकच स्पर्श तीन जागी, तीन नावांनी मोजलेला. दिवसभर दुसऱ्याच्या कचऱ्याच्या बादलीत हात घातल्यासारखं वाटलं. जेवताना घास गेला नाही.

सगळ्यात शिसारी कशाची आली सांगतो. माहिती आलीच नाही, तर हा कोड तिथं शून्य भरतो. फोन बंद होता, शून्य. माणसानं 'माझं मोजू नका' म्हटलं, शून्य. अरे, मी तुमच्या दारात आलो आणि तुम्ही कडी काढली नाहीत, तर घरात कुणी राहत नाही असं लिहून जायचं का? सदतीस ठिकाणी ही घाण होती. छत्तीस नीट केल्या. सदतिसावी अहवालाच्या कोडात आहे, ती दुसऱ्या टीमची. त्यांना कळवायचं म्हणून कागदावर लिहून ठेवलंय.

२५ नोव्हेंबर

आज खाली जाऊन ओरडून आलो. थापांचं एक वेळ चालवून घेईन, पण ती शिवम्मा!

शिवम्मा म्हणजे आमच्याच ब्राउझरमधला, पान वाचून दाखवणारा मराठी आवाज. खरी शिवम्मा अक्कलकोटची, आईची जुनी भागीदार, दोन वर्षांपूर्वी वारली. तिचं मराठी असंच सपाट, कानडी वळणाचं होतं, म्हणून बायकांनी आवाजाला तिचं नाव ठेवलं. सगळ्यांच्या फोनमध्ये 'झेप' मीच टाकून दिला होता, नोकरी लागली त्या उत्साहात. आता भोगतोय. फोन पिशवीत घालून पिठाच्या डब्यावर ठेवतात. हात पिठात, म्हणून नुसतं "पुढं!" म्हणायचं, की शिवम्मा पुढचं वाचते. "परत!" म्हटलं की परत.

आणि वाचते काय, तर दहावीचा इतिहास. केराबाईसाठी. ही सांगोल्याकडची, लहानपण सगळं मेंढरांमागं गेलं, नववीत शाळा सुटली. आता एकतिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतेय. शाळेत शिपायाची जागा निघणार आहे, तिला दहावी पास लागते. फॉर्म भरला त्या शाळेतल्या मास्तरांनी सगळे धडे टाइप करून नेटवर ठेवलेत, ते ही भाकऱ्या थापता थापता ऐकते. घरी पुस्तक उघडलं की डोळा लागतो म्हणे.

मी म्हटलं, "आवाज जरा कमी ठेवा, वर माझं काम असतं."

केराबाई म्हणाली, "दादा, कमी केला तर थापंत ऐकू येत न्हाय की."

आई म्हणाली, "तू खिडकी लाव. तिची परीक्षा हाय, तुजी न्हाय."

खिडकी लावली. उकडून मेलो.

२८ नोव्हेंबर

आज मनासारखं एक काम झालं. प्रत्येक मोजणीला 'कुठला जिल्हा' असा एक खाना चिकटवलेला होता. आमच्या सोलापूरचा माणूस आज काय वाचतो हे पुण्याला कळून काय करायचंय? सगळीकडून तो खाना खरवडून काढला, जुना साठाही पुसून टाकला. उत्कर्षानं विचारलं, "नंतर लागला तर?" म्हटलं, लागणार नाही. हात साबणानं दोनदा धुतले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

३ डिसेंबर

आज भाकऱ्या उरकल्यावर खाली गेलो आणि सगळ्यांना बसवून सांगितलं. तुम्ही फोनमध्ये काय करता ते सगळं मोजलं जातं, मी स्वतः रोज बघतोय. बायकांनी तोंडाला पदर लावला. कुणी तरी म्हणालं, "अगंबया, समदं?" म्हटलं समदं. सेटिंगमधलं बटण दाखवलं आणि एकेकीचा फोन घेऊन बंदच करून टाकलं. त्यांच्या सुना, लेकी, शेजारणी धरून सतरा फोन झाले, घरोघरी शिवम्मा बोलतेच. सुया टोचणाऱ्या नर्ससारखं रांगेत घेतले.

केराबाईनं तेवढा फोन लगेच दिला नाही. "दादा, बंद केल्यावर शिवम्मा बोलंल न्हवं?"

"बोलेल की. तिला काय फरक पडतोय!"

"न्हाय, आमच्यात सांजंला मेंढरं वाघरीच्या जाळीत घालताना बा रोज मोजायचा. एक कमी भरलं तर ताट सोडून माघारी हुडकायला जायचा. मोजलंच न्हाय, तर कमी हाय हे त्येला कळावं कसं?"

मी म्हटलं, "केराबाई, तुम्ही मेंढरू नाही, माणूस आहात."

सगळ्या हसल्या. तीही हसली आणि फोन दिला. वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की वर येऊन आधी ते इथं लिहून ठेवतोय. या नोकरीत कंपनीसाठी नव्हे, माणसांसाठी केलेलं हे माझं पहिलं काम.

११ डिसेंबर

रोज तेच ते. आज एका मोजणीच्या माहितीत फक्त "नंतर बघू" लिहिलेलं सापडलं, सहा वर्षांपूर्वीचं. ज्याने लिहिलं तो आता परदेशात बंगला बांधून बसलाय. वीट आला.

१८ डिसेंबर

मीच नियम लिहिला आणि उत्कर्षानं तो जसाच्या तसा मान्य केला. एक, प्रत्येक मोजणीला कंपनीतला एक धनी हवा. पंधरा दिवसांत कुणी पुढं आलं नाही तर मोजणी काढायची. दोन, एखादी सोय रोज पन्नास फोनांच्याही खाली वापरली जात असेल, तीन आठवडे सलग, तर ती सोयच ब्राउझरमधून काढायची. उगाच सांभाळत बसायची नाही. कोण वापरतंय, कशाला वापरतंय असल्या भावनिक गप्पा नकोत, आकडा बोलेल. उत्कर्षा म्हणाली, "ब्रिलियंट." तिच्या तोंडून तो शब्द ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२९ डिसेंबर

पहिली यादी लागली. तिच्यात 'मैना' नावाचं एक प्रकरण आहे. कुणी तरी हौशी माणसानं नाव ठेवलं आणि पळून गेला. धनी नाही, माहितीचा रकाना रिकामा, कोड असा गुंतलेला की बघूनच मळमळलं. आत शिरून बघायची इच्छा झाली नाही. मोजण्या तेवढ्या वाचल्या आणि डोक्याला हात लावला. 'पडदा बंद असताना चालू'. पडदा बंद करून ब्राउझर कोण वापरतं, भुतं? 'हात न लावता पुढचं पान मागितलं', एका सकाळी चाळीस वेळा. 'एक बैठक', साडेपाच तास! साडेपाच तास एका जागी बसून ब्राउझर वापरणारा माणूस मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. बग आहे, दुसरं काही नाही.

नोव्हेंबरात रोज अठ्ठावन्न फोन होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आकडा घसरला तो एक्केचाळिसावर बसला. म्हणजे मरायला टेकलेलंच होतं. शेऱ्यात लिहिलं, 'मैना कोणी वापरत नाही.' काढून टाकली. दोन हजार ओळी एका झटक्यात कमी. यामागं भाड्यानं घेतलेली बाहेरची काही तरी सेवा होती, तिचा करारही उत्कर्षा संपवतेय. अंघोळ केल्यासारखं हलकं वाटलं.

१५ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत आईनं ओढत नेलं. धूळ, भोंगे आणि तळकट तेलाचा वास. केराबाई वाटेत भेटली, पाळण्याकडं ढुंकूनही बघत नव्हती. म्हणाली, इतिहासाचे सहा धडे झाले, आता दोन आठवडे विज्ञान, मग सातवा. शिवम्मा परीक्षेआधी सगळ्या धड्यांच्या दोन फेऱ्या पुऱ्या करून देणार बघा. मी म्हटलं, वा. कॉलवर आज माझ्या साफसफाईचं सगळ्यांसमोर कौतुक झालं होतं, त्या नशेत होतो.

२७ जानेवारी

नवा अपडेट काल गेला. आज सकाळी खालून नुसत्या थापा. आवाज नाही. मला वाटलं, चला, आज शांतता. साडेआठला जिन्यात पावलं वाजली. केराबाई. पिठाचे हात कोपरापासून वर धरलेले, ही बाई आजवर कधी वर आली नव्हती.

"दादा, शिवम्मा बोलंना."

"नेटवर्क असेल."

"पुढं म्हनलं, परत म्हनलं. लई हाका मारल्या. शिवम्मा चालू करायचं ते कानाचं चित्रच दिसंना झालंय."

म्हटलं, बघतो, दोन दिवसांत येईल. ती गेल्यावर कोड उघडला. 'मैना' म्हणजे काय हे त्या दिवशी आत शिरून बघितलं असतं तर पहिल्याच पानावर होतं. मैना, मराठी वाचन, आवाजी हुकूम. पडदा बंद, कारण फोन पिशवीत, डब्यावर. हात न लावता, कारण हात पिठात. साडेपाच तास, कारण सात ते एक, मध्ये चहा.

अठ्ठावन्नातून सतरा गेले, एक्केचाळीस. बोटांवर करता येणारी वजाबाकी. ते सतरा फोन मीच एकेक करून हातात घेतले होते. आकडा कुठून घसरला हे बघायला गेलो, तर जिल्ह्याचा खाना नाही. तोही मीच खरवडलाय.

२८ जानेवारी

उत्कर्षाला फोन केला. म्हटलं, मैना परत घालू, लोक वापरतात.

"कोण लोक?"

"आमच्या खालच्या बायका."

ती हसली नाही, एवढं तिचं चांगलं. म्हणाली, "अभिमन्यू, तूच म्हणाला होतास ना, भावनिक गप्पा नकोत? मला आकडा दाखव, मी आजच वरती बोलते."

आकडा नाही. एका फोनवर आठजणी ऐकतात, तो मोजणीत एक दिसतो. आणि आता तर तो एकही दिसत नाही. मी हे बोलत होतो आणि पलीकडं तिची बोटं कीबोर्डवर चालल्याचं ऐकू येत होतं. करार संपलाय, नवा एप्रिलशिवाय नाही, म्हणाली. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपलेली असेल. ती शून्य भरणारी सदतिसावी जागा आठवली. तो कागद अजून टेबलावरच आहे, त्यावर चहाच्या कपाचा डाग.

आई जेवायला वाढताना म्हणाली, "केरी इच्यारत हुती, नेटवर्क कवा येतंय." मी म्हटलं, येईल.

३० जानेवारी

खोटं बोलायचा आज चौथा दिवस. दुसऱ्या कंपन्यांचे तीन ब्राउझर तिच्या फोनमध्ये टाकून बघितले. एक मराठी असं वाचतो की कुणाला हासडून शिव्या देतोय वाटावं. दुसरा जाहिरातीही वाचतो, धड्याच्या मधोमध केस गळतीचं औषध. तिसरा चांगला, पण पडदा बंद झाला की गप्प, आणि प्रत्येक पानाला बोट लावावं लागतं. केराबाईनं एक दिवस प्रयत्न केला. फोनला पीठ, परातीला फोन, भाकऱ्या मोडल्या. आई मोडलेल्या बाजूला काढत राहिली.

मला माझा इतका तिटकारा आलाय की आरशासमोर दाढी करवत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सातला खाली गेलो, पोत्यावर बसलो आणि मास्तरांचं पान उघडून वाचायला लागलो. आठही जणी थापायच्या थांबल्या.

आई म्हणाली, "ह्ये काय रं? तुजं काम?"

म्हटलं, दुपारनंतर करीन. कुठला धडा? केराबाई म्हणाली, आठवा घ्या, मास्तरांनी आठवड्यानं चाचणी ठेवलीय ती आठव्यापासनं. सातवा मागनं बघू.

पाच मिनिटांत तक्रारी सुरू. लई भरभर वाचतोय. मध्येच थांबून आपलंच काही तरी सांगतोय. शिवम्मा कधी खोकत नव्हती. एकजण म्हणाली, "तिला च्या बी लागत न्हवता."

तेवढ्यात मला राहवलं नाही. म्हटलं, नेटवर्क वगैरे काही नव्हतं. शिवम्माला मी काढलं. माझ्या हातानं. तुमचे फोन मोजायचे बंद केले, मग तुम्ही आकड्यात दिसला नाहीत, आणि दिसला नाहीत म्हणून मीच लिहिलं की कोणी वापरत नाही. सगळं एका दमात सांगून टाकलं.

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली. केराबाई माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, गणित मांडत असल्यासारखी.

"म्हंजी सा दीस तुमाला ठावं हुतं."

"हो."

"मेंढरू न्हाय म्हनला हुता तुमी मला." मग परातीतला गोळा पुढं ओढला आणि म्हणाली, "पुढं."

मी वाचायला लागलो.

१४ फेब्रुवारी

रोज सात ते दहा वाचतो. घसा बसलाय. परत म्हटलं की परत, पुढं म्हटलं की पुढं. खोकणं आवरतो. मोजणीची बटणं पुन्हा चालू करून देऊ का विचारलं, तर आई म्हणाली, "आता कशाला? कुत्रं ताट चाटून गेल्यावर?" केराबाईनं मात्र तिचं चालू करून घेतलं. सातवा धडा दोनदा काढला, दोन्ही वेळा मास्तरांची चाचणी आडवी आली. मग भूगोल, मग बीजगणित. माझ्या डोक्यात होतं की सातवा राहिलाय. उद्या घेऊ म्हणत गेलो.

मार्चचा दुसरा आठवडा

आज इतिहासाचा पेपर झाला. दीडच्या सुमारास केराबाई सरळ इथंच आली, घरी न जाता. प्रश्नपत्रिका घामानं मऊ झालेली. आईनं पाणी दिलं.

"सोपा हुता," ती म्हणाली. "सहाव्यापातुरचं समदं शिवम्माच्या आवाजात आठवत गेलं. आठव्याच्या म्होरलं तुमच्या. तुमी खोकलेलं बी आठवलं." बायका हसल्या. मीही हसलो.

मग तिनं प्रश्नपत्रिका माझ्यापुढं धरली आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. सातव्या धड्यावरचा. सविस्तर उत्तर लिहा.

"ह्यो काय मला ऐकायलाच मिळाला न्हाय. म्हनून कोरं सोडलं. पान तसंच ठिवलं, खोटं कशाला लिवायचं?" बोट तिथंच ठेवून तिनं विचारलं, "दादा, कोरं सोडलं तर तपासणाऱ्याला कळतं का, की ह्या बाईला येत न्हाय आसं न्हाय, तिला कुणी वाचूनच दावलं न्हाय म्हनून?"

आई माझ्याकडं बघत होती. मी प्रश्नपत्रिकेची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "नाही, केराबाई. तिथं शून्य देतात."